ओवाळणीत मागितलेले पाय

आमचं गाव सांगली जिल्ह्यात, पण बाजार कराडचा, दवाखाना मलकापूरचा आणि निम्म्या सुना साताऱ्याच्या. त्यामुळं कुणी "कुठले?" विचारलं की आम्ही समोरचा माणूस बघून जिल्हा सांगतो. अशा दोन्हीकडच्या गावात मनुआत्तीसारखी बाई असावी, यात नवल नाही. तिला गावातल्या गावातच दिलेली. वरच्या आळीत माहेर, खालच्या आळीत सासर, मधे मारुतीचं देऊळ. अर्धा गाव तिला आत्ती म्हणतो, अर्धा काकी. खालच्या आळीवाल्यांना ती निदान "आवं" म्हणते. आम्ही वरचे, माहेरचे. आम्हाला थेट "ये रं".

वय सत्तरीला टेकलेलं, साधी पाचवारी साडी, आणि साडीखाली तपकिरी कॅनव्हासचे बूट. बुटात मिलिटरीचे लोकरी मोजे. हे सगळं तिच्या मालकांच्या, म्हणजे आमच्या हवालदारमामांच्या ट्रंकेतलं. मामांचा पाय बायकी मापाचा होता की आत्तीचा पुरुषी, हे विचारायची हिंमत गावात अजून कुणाला झालेली नाही.

मामा फौजेतून सुटून आले ते पेन्शन आणि साखर अशा दोन गोष्टी घेऊन. पेन्शनची कागदपत्रं त्यांनी जपून ठेवली, साखरेकडं लक्ष दिलं नाही. एकदा उसाच्या पाचटातून चालत घरी आले. तळव्यात बाभळीचा काटा मोडला होता आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता, कारण पायातली जाणीव केव्हाच गेली होती. काटा कुणाला दिसेपर्यंत पाय काळा पडला. आधी अंगठा गेला, मग पाऊल, आणि वर्ष सरायच्या आत मामाही. हे सांगताना आत्ती रडत नाही. एवढंच म्हणते, "रोज त्यांच्या चपला उचलून ठेवत हुते. पर त्या माणसाचं तळवं कवा उलटं करून बघितलं न्हाईत."

आता तिचा धाकटा भाऊ. नाथाजीअण्णा. विट्याकडची माणसं सोनं गाळायला देशभर गेली, त्यांच्यात आमच्या गावचेही काही गेले. अण्णांनी सेलमला तीसेक वर्षं गलाईचं दुकान चालवलं आणि परत येऊन गावात बंगला बांधला. खाली पांढरी चकचकीत फरशी, पुढं हिरवळ. दारात गवत आमच्या सगळ्यांच्याच असतं. विकत आणून लावलेलं गवत मात्र अण्णांच्याच दारात. साखर त्यांनाही आहे. पण मोबाईलवर कुणीतरी त्यांना सांगितलं की पहाटे गवतावर अनवाणी चाललं की साखर उतरते. तेव्हापासून अण्णा रोज सकाळी लेंगा वर खोचून त्या हिरवळीवर गोल गोल फिरतात. रस्त्यानं जाणारं म्हातारं माणूस थांबून बघतं आणि काहीतरी हरवलंय असं समजून शोधायला आत येतं.

तर श्रावणात एकदा अण्णा बहिणीकडं जेवून घरी निघाले. घरी पोचले तेव्हा एका पायात चप्पल होती, दुसऱ्यात नव्हती, आणि हे त्यांना त्यांच्या बायकोनं सांगितलं. चप्पल वाटेतच गळून पडलेली. ती दादासोला सापडली. दादासो आमच्या गावचा ट्रॅक्टरवाला, गप्प बसणं त्याच्या स्वभावात नाही. त्यानं चप्पल ट्रॅक्टरच्या आरशाला बांधली आणि अख्ख्या गावातून मिरवत नेऊन दिली. सगळे हसले. आत्ती हसली नाही. तिनं दादासोला बाजूला घेऊन विचारलं, नाथ्याला पायातनं चप्पल गेलेली कळलीच न्हाई व्हय? दादासो म्हणाला, न्हाई बा. आत्ती तशीच बूट घालून भावाच्या बंगल्यावर गेली आणि म्हणाली, पाय दाखव.

अण्णांनी पाय दाखवले नाहीत. मी काय लहान हाय का, म्हणाले, आणि चहा मागवला, बिनसाखरेचा. आत्तीनं पुन्हा सांगितलं तर म्हणाले, थोरल्या बहिणीनं माझ्या पायाला हात लावायचा आणि मी लावून घ्यायचा, हे मेल्यावरसुद्धा फिटायचं नाही. आत्ती परत आली आणि आमच्या ओट्यावर बसली. "त्याला साखरंचं भ्या न्हाई," ती माझ्या वडिलांना म्हणाली. "ह्यांचा पाय त्यानं बघितलाय. त्याला बघायचंच भ्या हाय."

याच सुमाराला सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका संस्थेच्या प्रियंका मॅडम आमच्या ग्रामपंचायतीत आल्या. त्यांचं संशोधन चाललं होतं. साखरेच्या आजारात पाय बधिर होतात, जखम झालेली कळत नाही, आणि कळेपर्यंत उशीर होतो. गावातल्याच एखाद्या माणसानं दर महिन्याला सगळ्यांचे पाय नुसते बघितले, तर किती पाय वाचतात, हे त्यांना मोजायचं होतं. काही गावांत असा माणूस नेमायचा, काहींत नेहमीप्रमाणे चालू द्यायचं आणि दोन वर्षांनी ताडून बघायचं. पगार नाही. स्वयंसेवक हवा. हे ऐकल्याबरोबर ग्रामपंचायतीतल्या पुरुषांना एकदम शेतातली कामं आठवली. मॅडम म्हणाल्या, रोज दुसऱ्याच्या पायाशी बसायची तयारी असलेलं कुणी आहे का? आत्तीनं हात वर केला.

नंतर मी तिला म्हटलं, आत्ती, तुला समाजसेवेचा एवढा कळवळा कधीपासून? ती म्हणाली, "मला एकट्या नाथ्याचंच पाय बघायचं हाईत रं. पर एकट्याचं मागितलं तर तो दार लावतोय. समद्या गावाचं बघितल्यावर त्याला कुठं जायला जागा ऱ्हाईल?"

म्हणजे एका भावाच्या दोन पायांसाठी या बाईनं अख्ख्या गावाचे पाय अंगावर घेतले.

विश्रामबागेत तिचं शिक्षण झालं. तिथं तिला एक दोरा मिळाला. दोरा म्हणजे प्लॅस्टिकच्या दांडीला लावलेला नायलॉनचा जाडसर तंतू. तो तळव्यावर ठराविक जागी टेकवायचा, थोडा वाकेपर्यंत दाबायचा. समोरच्यानं डोळे मिटून बसायचं आणि लागलं की "व्हय" म्हणायचं. जिथं व्हय येत नाही तिथं जाणीव गेलेली. आत्तीला तो मांजराच्या मिशीसारखा दिसला, आणि तेव्हापासून त्याचं नाव मिशी. तिथं शिकणाऱ्यांनी जोडीजोडीनं एकमेकांचे पाय तपासले. आत्तीनं जोडीदारणीचे पाय झकास तपासले. तिची पाळी आली तेव्हा चहा आला, आणि चहा संपल्यावर आत्ती म्हणाली, माझं काय बघायचंय, मला थोडीशीच हाय, गोळी घेते मी. मॅडमचं लक्ष दुसरीकडं होतं. आत्तीचे मोजे तसेच राहिले.

पहिला सोमवार. मारुतीच्या देवळाचा मंडप. एका बाजूला खुर्ची, तिच्यापुढं पाट, पाटावर आत्ती. पहिला नंबर दादासोचा. तो ऐटीत खुर्चीवर बसला. आत्ती वाकली, त्याच्या पायाला हात लावला, आणि दादासो विंचू डसल्यासारखा खुर्चीवर उभा राहिला.

"आत्ती, पाप लावतीस व्हय मला?"

मागं रांगेत उभे असलेले सगळे एक पाऊल मागं सरकले. आत्ती त्या सगळ्यांहून मोठी. मोठ्या माणसानं धाकट्याच्या पायाला हात लावला की पाप धाकट्याला, हे आमच्याकडं पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. प्रियंका मॅडमनी समजावलं की ही वैद्यकीय तपासणी आहे, यात पाप नसतं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि कुणीही पुढं आलं नाही. मॅडम म्हणाल्या, मग मी बघते. पण त्या काही दर महिन्याला येणार नव्हत्या, आणि गावचं माणूस बघतंय हेच तर मोजायचं होतं. सुरुवातीला फक्त आत्तीहून मोठे पाय तपासले गेले. तसे पाय गावात उरलेत थोडे, आणि त्यांतले काही देवळापर्यंत येत नाहीत.

त्या थोड्यांत धुळाबापू होते. मेंढरं राखून राखून वाकलेले. गावातल्या भांडणात दोन्ही बाजू त्यांनाच विचारतात. त्यांनी तपासून घेतलं, काठीवर हनुवटी ठेवली आणि म्हणाले, "ह्यात एवढं काय अडलंय? तिनं पाय बघावं. बघून झालं की बघून घेणाऱ्यानं तिच्या पाया पडावं. लागलं असंल पाप तर जागच्या जागी फिटलं."

रांग परत पुढं सरकली. दादासो परत खुर्चीवर येऊन बसला.

पुढच्या सोमवारपासून मंडपात लग्नातल्यासारखी गर्दी व्हायला लागली. मिशी लावून घ्यायची, उठायचं आणि आत्तीच्या बुटांवर डोकं ठेवायचं. मॅडमच्या हिशेबानं एका माणसाला जितका वेळ लागायला हवा त्याच्या दुप्पट लागायचा, कारण आत्ती आशीर्वाद दिल्याशिवाय सोडायची नाही, आणि आशीर्वादही प्रत्येकाला वेगळा. "औक्षवंत हो, आणि टाचंला खोबरेल लाव." "सुखी ऱ्हा. पयली ती नखं काप, नांगराचा फाळ झालाय." दादासोच्या दोन्ही अंगठ्यांना मिशी कळली नाही. आत्तीनं त्याला त्याच आठवड्यात विश्रामबागेला धाडला. तो जाड तळाच्या चपला घेऊन आला, आणि आता ट्रॅक्टर थांबवून वाटेतल्या अनवाणी माणसांना भाषण देतो. आत्तीपेक्षा तोच जास्त तापदायक झालाय.

गावातले साखरवाले जवळजवळ सगळे पाय दाखवून गेले. एक जोडी राहिली. ज्यांच्यासाठी हे सगळं मांडलं होतं तीच.

अण्णांकडं दर सोमवारी नवं कारण. एकदा पाहुणे येणार होते, एकदा बोअरची मोटर बिघडली. एका सोमवारी कोपऱ्यावर आत्तीचे तपकिरी बूट दिसल्याबरोबर अण्णा गाडीत बसले, थेट विट्याला गेले, चहा प्याले आणि परत आले. आत्तीनं मॅडमना विचारलं, चौघांनी धरून बसवला तर? मॅडम म्हणाल्या, आमच्या नियमात माणूस स्वतःहून राजी हवा. आत्ती म्हणाली, "राजी करायला तर नियम आडवा येत न्हाई न्हवं?"

आणि ती भाऊबीजेची वाट बघत बसली.

भाऊबीजेला वडिलांबरोबर मीही आत्तीकडं गेलो होतो, करंज्यांच्या आशेनं. वडील तिचे चुलतभाऊ. त्यांचं ओवाळणं आधी उरकलं. मग अण्णा पाटावर बसले. पांढरा सदरा, डोक्याला टोपी, मांडी पक्की घातलेली आणि दोन्ही तळवे मांडीखाली दडवलेले. आत्तीनं बूट उंबऱ्यापाशी काढले होते, मोजे पायात होते. तिनं टिळा लावला, सुपारी आणि अंगठी फिरवली, निरांजनानं ओवाळलं. अण्णांनी कराडहून आणलेली भारी साडी तबकात ठेवली. आत्तीनं तबक त्यांच्याकडं परत सरकवलं.

"साडी नको मला."

"मग काय पायजे? सांग की. आजपतोर न्हाई म्हणलोय व्हय?"

"पाय दे."

माझी करंजी तोंडात तशीच राहिली. अण्णांनी माझ्या वडिलांकडं बघितलं. वडील भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले. ओवाळणीत मागितलेलं नाकारून पाटावरून उठलेला भाऊ आमच्या पंचक्रोशीत अजून व्हायचाय, आणि पहिला व्हायची अण्णांची इच्छा नव्हती. दार समोर होतं, पण दारात बहिणीचे बूट होते.

तरीही माणूस तीस वर्षं व्यापारात मुरलेला. त्यांनी वेळ काढायला एक वाट शोधली. म्हणाले, देतो, पण रीतीनं. लोक तपासून झाल्यावर तुझ्या पाया पडत्यात. मी आधी पडणार, मग तू बघ. आत्ती म्हणाली, पड. अण्णा सावकाश उठले, टोपी नीट केली, वाकले आणि वाकलेलेच थांबले.

"मोज्याच्या पाया पडू व्हय मी? गाव पडत असंल बुटांच्या पाया. मी सख्खा भाऊ हाय. काढ ते."

आत्ती म्हणाली, थंडी हाय, असू दे. अण्णांना तेवढंच हवं होतं. जितका वाद तितका वेळ. मोजे काढल्याशिवाय पडणार नाही, म्हणाले, आणि खाली बसून स्वतःच तिचा उजवा मोजा ओढायला लागले. ओढता ओढता त्यांचा हात थांबला.

"मोजा जळलाय तुझा."

"कवा?" आत्ती म्हणाली.

मोज्याच्या तळाला टाचेपासून मधोमध सरळ रेघ करपलेली होती. आदल्या दिवशी, पाडव्याच्या संध्याकाळी, अण्णांच्याच नातवंडांनी आत्तीच्या अंगणात फुलबाज्या उडवल्या होत्या आणि जळून संपलेल्या, पण अजून लालबुंद तारा तिथंच टाकल्या होत्या. आत्ती त्यांना ओरडायला बाहेर आली होती, दोन मिनिटांचं काम म्हणून नुसत्या मोज्यांवर. अण्णांनी मोजा हलक्या हातानं उतरवला. तळव्यावर तारेएवढा लांब फोड उठून फुटला होता. त्यांनी कडेला बोट टेकवलं.

"दुखतंय?"

"काय दुखतंय?"

हे ती बोलून गेली. गेले दोन महिने मंडपात डोळे मिटून बसलेल्यांकडून तिनं असंच उत्तर ऐकलं होतं, आणि दर वेळी त्याचा अर्थ तिनंच त्यांना समजावून सांगितला होता. निरांजन तबकात जळत होतं. वडिलांनी कॅलेंडर वाचायचं थांबवलं होतं.

अण्णांनी कोनाड्यातली तिची पिशवी खाली काढली. मिशी शोधून हातात घेतली. म्हणाले, "डोळं मिट." आणि आत्तीनं, आयुष्यात पहिल्यांदा, भावाचं मुकाट्यानं ऐकलं.

सोनं गाळणाऱ्याचा हात. त्यांनी फोडापासून लांब, अंगठ्याच्या टोकाला मिशी टेकवली. ती वाकली. उचलली. शेजारी टेकवली, उचलली.

"लाव की," आत्ती म्हणाली.

"लावतोय," अण्णा म्हणाले.

थोड्या वेळानं ती म्हणाली, डावा बघ. डाव्या पायाला निम्म्या ठिकाणी तिनं व्हय म्हटलं. प्रत्येक व्हयला अण्णांचा चेहरा जरासा सैल व्हायचा. झालं तेव्हा त्यांनी मिशी तिच्या हातात दिली, परत पाटावर बसले, मांडी मोडली आणि दोन्ही पाय तिच्यापुढं सरळ केले. मला आठवतं तसं, त्यांचे तळवे मी तेव्हाच पहिल्यांदा बघितले. गोरे, मऊ, शहरातले तळवे.

"घे. आता बघ."

"पाप लागंल तुला," आत्ती म्हणाली. आवाज जरा ओला होता, पण टोमणा जागेवर होता.

"आधीच पडलोय की पाया. मोजा काढला त्यातच आलं."

आत्तीनं बघितलं. धाकट्या बोटाच्या बेचक्यात एक कुसळ रुतून बसलेलं होतं आणि भोवती लाल झालं होतं, नुकतंच. आत्तीनं ते अण्णांना पिशवीतल्या आरशात दाखवलं. मग तिला इतक्या महिन्यांचं साठलेलं सगळं आठवलं आणि तिनं भावाला यथेच्छ झापलं. विकतचं गवत लावलंस, त्यात फुकटचं कुसळ उगवलं, आणि तेवढंच तुझ्या पायात शिरलं, असं म्हणाली. अण्णा ऐकून घेत होते. अधूनमधून तिच्या टाचेकडं बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं अण्णांच्या गाडीतून विश्रामबागेला गेले. मी होतो, कारण दोघांनाही एकमेकांच्या तक्रारी सांगायला तिसरं माणूस लागतं. डॉक्टरांनी दोन्ही पाय बघितले आणि सांगितलं की वेळेत आलात. आठवडाभरानं आला असता तर गोष्ट वेगळी असती. आत्तीच्या पायाला पट्टी आणि विश्रांती. अण्णांचं कुसळ काढायला त्याहून कमी वेळ लागला, पण ओरडले तेच जास्त. ओरडले म्हणजे तिथं जाणीव आहे, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा आत्ती हसली. भावाच्या ओरडण्यावर इतकी खूष झालेली बहीण मी दुसरी बघितली नाही.

प्रियंका मॅडमनी हे सगळं लिहून घेतलं. त्यांच्या गावागावांतल्या स्वयंसेवकांना आता नवा नियम आहे: महिन्याचे पहिले पाय स्वयंसेवकाचेच. आत्तीची जखम भरायला पार मार्गशीर्ष उजाडला. तोवर मंडपात पाटावर कोण बसणार, हा प्रश्न आला तेव्हा अण्णा म्हणाले, मी बसतो. लोकांना आशीर्वाद मात्र खुर्चीत बसून आत्तीच द्यायची. अण्णांच्या आशीर्वादावर कुणाचा विश्वास नव्हता. हिरवळ अजून आहे. अण्णा तिच्यावर बूट घालून फिरतात, आणि रस्त्यानं जाणारं म्हातारं माणूस आता समजतं की ते शोधायचं सोडून राखण करतायत.

परवाच्या सोमवारी मी देवळापाशी गेलो, तेव्हा मंडपात अजून गर्दी नव्हती. आत्ती खुर्चीत, मोजे काढलेले, पाय भावाच्या मांडीवर, डोळे घट्ट मिटलेले. अण्णा चष्मा पुसत होते.

"व्हय," आत्ती म्हणाली. जरा थांबून म्हणाली, "व्हय." आणि पुन्हा, "व्हय म्हणलं की रं. सगळं कळतंय मला."

अण्णांनी चष्मा लावला, मिशी हातात घेतली.

"अजून लावलीच न्हाई म्या," ते म्हणाले. "मिट डोळं. पयल्यापासनं."